फोन त्यांच्याच हातात राहू द्या

तेरा ते एकोणीस या वयातल्या मुलामुलींनी आपल्या घरातल्या, गल्लीतल्या आणि जवळच्या वस्तीतल्या मोठ्या माणसांना स्मार्टफोनवरचे रोजचे व्यवहार कसे शिकवावेत, ते सांगणारं हे पुस्तक आहे. पुढचे धडे छोटे आहेत. एका बैठकीत एकच गोष्ट शिकवायची, असा त्यांचा बेत आहे. पण धड्यांकडे वळण्याआधी हे काम कशासाठी करायचं, कोल्हापूरच्या मातीत त्याची मुळं कुठे आहेत आणि ते मुलांनीच का हाती घ्यायचं, हे नीट सांगायला हवं. प्रस्तावना लांबली आहे ती त्यासाठी.

गेल्या दहा-बारा वर्षांत सरकारी कचेरीची खिडकी फोनच्या पडद्यावर आली. शेतातलं पीक सातबाऱ्यावर लावणं हे पूर्वी तलाठ्याचं काम होतं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः रानात उभं राहून, फोटो काढून फोनवर नोंद करायची, अशी पद्धत पडली. पेन्शनरांना हयातीचा दाखला 2014 पासून ‘जीवन प्रमाण’वर देता येतो, आता तर फोनसमोर चेहरा धरला तरी चालतं. 2024 साली लाडकी बहीण योजना आली आणि 2025 च्या सप्टेंबरात तिच्यासाठी ई-केवायसी सक्तीची झाली. बाईच्या आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी येणार आणि त्याबरोबर तिच्या नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागणार, असा नियम आला. नवरा वारलेला, वडीलही हयात नाहीत, अशा बायकांची तेव्हा मोठी अडचण झाली. दुधाचं दहा दिवसांचं बिल, उसाची उचल, पीकविमा, मुलांची शिष्यवृत्ती, या सगळ्याची खबर आता मेसेजने येते. ती वाचता आली तर पैसा आपला, नाही आली तर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं.

कोल्हापूर जिल्हा सधन म्हणून ओळखला जातो. पण याच जिल्ह्यात शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरात धनगरवाडे आहेत, जिथे फोनला रेंज मिळवायला टेकाडावर चढावं लागतं. इचलकरंजीत मागावर पाळीपाळीने राबणारे कामगार आहेत. शहरात राजेंद्रनगर, यादवनगरसारख्या दाटीच्या वस्त्या आहेत आणि सुभाषनगरात पिढ्यान्‌पिढ्या चपलेचं काम करणारी घरं आहेत. गळीत हंगाम लागला की कारखान्यांच्या आसपास मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या खोपी उभ्या राहतात. यांतल्या बहुतेक घरांत आज एक तरी फोन असतो. तो सहसा कर्त्या पुरुषाच्या नाहीतर पोराच्या खिशात असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या पाचव्या फेरीत देशातल्या 57 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. बायकांमध्ये हे प्रमाण 33 टक्के होतं. म्हणजे तीन बायकांपैकी दोघींचं बोट इंटरनेटला लागलेलंच नव्हतं.

ज्याला स्वतः करता येत नाही तो दुसऱ्याकडून करून घेतो. तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात जायचं, रांगेत बसायचं, सर्व्हर डाऊन असला तर उद्या परत यायचं. यात एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, अर्ज भरून देणाऱ्याचे पैसे वेगळे. पण याहून मोठी किंमत डोळ्यांना दिसत नाही. आधारकार्ड, पासबुक, फोन आणि ओटीपी, हे सगळं एका अनोळखी माणसाच्या हाती द्यावं लागतं आणि त्याने काय भरलं ते कळायला मार्ग नसतो. त्यातले बहुतेक लोक प्रामाणिक असतात. तरीही आपल्या नावावर काय चाललं आहे ते आपल्याला न कळणं ही परस्वाधीनता आहे, आणि कोल्हापूरने तिच्याशी एकदा मोठी झुंज दिली आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. 4 मार्च 1918 रोजी करवीर तालुक्यातल्या चिखलीत या कायद्याखालची पहिली शाळा सुरू झाली. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळी रुपया ही गरिबाला जड जाणारी रक्कम होती. त्याच 1918 साली महाराजांनी गावचं दप्तर वंशपरंपरेने सांभाळणारी कुलकर्णी वतनं बरखास्त केली आणि पगारी तलाठी नेमले. हे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहिले की महाराजांची नजर कळते. रयतेच्या जमिनीचा, देण्याघेण्याचा कागद रयतेला स्वतः वाचता आला पाहिजे, तो वाचून दाखवणाऱ्यावर तिचं नशीब अवलंबून असू नये, हा त्यामागचा अर्थ मला दिसतो. आज तो कागद फोनमध्ये गेला आहे. अर्थ तोच आहे.

यंत्र आणून ठेवलं म्हणजे लोक शिकतात, असा एक समज आहे. त्याचं उत्तरही याच जिल्ह्याने देऊन ठेवलं आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहात 1998 साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली वारणाकाठची 70 गावं संगणकाने जोडण्याची ती योजना होती, केंद्र सरकारचं पाठबळ तिला होतं, आणि देशात बहुतेक खेड्यांनी संगणक पाहिलाही नव्हता अशा काळात ती आली. तिचं मोल कमी नाही. ऊस किती गेला, वजन किती भरलं, खत किती उचललं, हे शेतकऱ्याला गावातच कळू लागलं. पण संगणकाला हात लावायचा केंद्रचालक, आणि शेतकऱ्याच्या हाती यायची पावती. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी याचा अभ्यास केला, तेव्हा संगणकांचा मुख्य वापर एवढ्याच ठरावीक माहितीपुरता होतो आहे, असं त्यांना आढळलं. मग त्यांनी सात गावांत प्रयोग केला: तीच माहिती साध्या मोबाइलवर एसएमएसने मागवायची. 2007 साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की तेवढ्या कामाला मोबाइल पुरतो आणि तो स्वस्तही पडतो. वारणेचा धडा मला असा दिसतो: गावात यंत्र येणं ही पहिली पायरी झाली; यंत्रापुढे कोण बसतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

देशपातळीवरही मोठे प्रयत्न झाले. 2017 साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात 6 कोटी लोकांना शिकवायचं उद्दिष्ट होतं. 31 मार्च 2024 रोजी ते संपलं तेव्हा 6 कोटी 39 लाख लोकांचं प्रशिक्षण झालेलं होतं. आकडा खरोखर मोठा आहे. पण त्याच्या नियमांत दोन गोष्टी होत्या. घरटी एकालाच प्रवेश, आणि वयाची अट 14 ते 60. साठी ओलांडलेली आजी, जिला पेन्शन, रेशन आणि दवाखाना या तिन्हींसाठी आधारचा अंगठा द्यावा लागतो आणि आयुष्यभर राबल्याने जिच्या बोटांच्या रेषा यंत्राला दिसत नाहीत, ती या अभियानाच्या बाहेर राहिली. घरातल्या एकाला येतं म्हणजे सगळ्यांना येतं, हे गृहीतही खरं ठरत नाही. घरातल्या पोराला येत असतं, म्हणूनच आईला कुणी शिकवत नाही.

इथे मुलांचा प्रश्न येतो. शिकलेल्या मुलामुलींनी न शिकलेल्यांना शिकवायचं, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. 1848 साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा सावित्रीबाई फुले सतरा वर्षांच्या होत्या. 1959 साली शेजारच्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्या शिक्षकांनी आणि शिकलेल्या पोरांनी रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांना अक्षरं शिकवली, आणि अख्खं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. मोहीम राज्यभर पसरली. तिची दुखरी बाजू अशी, की समारंभ आटोपल्यावर वाचायला काही उरलं नाही तिथे शिकलेली अक्षरं पुसली गेली. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले आणि गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं करणारे जे. पी. नाईक 1964–66 च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा हा अभ्यासाचाच भाग असावा, अशी शिफारस त्या आयोगाने केली. 1969 साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ती याच विचाराच्या वाटेवर.

अलीकडचं उदाहरण केरळचं. तिथल्या शाळांमध्ये 2018 पासून ‘लिटल काइट्स’ नावाची विद्यार्थ्यांची तंत्रज्ञान मंडळं आहेत. 2022 साली त्यांतल्या मुलांनी आपल्या आयांनाच सायबर सुरक्षेचे धडे दिले. त्याच सुमारास तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पुल्लमपारा पंचायतीने गावातल्या प्रत्येक अडाण्याला फोन शिकवायचं ठरवलं. त्यातून ‘डिजी केरळम्‌’ उभं राहिलं. घरोघर पाहणी करून सुमारे 22 लाख माणसं निवडली गेली आणि विद्यार्थी, ‘कुटुंबश्री’ या महिला बचत गटांच्या बायका, ग्रंथालयांचे कार्यकर्ते अशा स्वयंसेवकांनी त्यांना घरी, रोजगार हमीच्या कामावर, जिथे सापडतील तिथे गाठून शिकवलं. वयाला वरची मर्यादा नव्हती. शिकणाऱ्यांत शंभरी ओलांडलेले एक मौलवीही होते. 21 ऑगस्ट 2025 रोजी केरळने स्वतःला पूर्ण डिजिटल साक्षर राज्य म्हणून जाहीर केलं. केरळची ग्रामपंचायत आणि ग्रंथालयाची घडी वेगळी आहे, हे मान्य. तरी वर्गाने माणसाकडे जायचं, माणसाला वर्गात बोलवायचं नाही, ही त्यांची रीत आपल्या वाड्यावस्त्यांना अगदी लागू पडते.

कोल्हापुरातली मुलं हे काम करू शकतात, कारण ती रोज संध्याकाळी तिथेच असतात. शिबिर संपतं, प्रशिक्षक निघून जातो, आणि चौथ्या दिवशी पडद्यावर काही वेगळंच दिसायला लागतं. तेव्हा हाक मारण्याच्या अंतरावर शेजारचा पोरगा असतो. साहेबापुढे बोलायला लाजणारी मावशी त्याला तीच गोष्ट चारदा विचारते. तो तिच्याच बोलीत सांगतो. हे कुठल्याही योजनेला पैसे देऊन मिळणार नाही.

पण मुलांना सगळं येतं, हा समज आधी सोडायला हवा. मुलांच्या शिक्षणाचा अंदाज घेणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या ग्रामीण पाहणीत 14 ते 16 वयाची 82 टक्के मुलं फोन वापरता येतो म्हणाली. पाहणीआधीच्या आठवड्यात त्यांतल्या 76 टक्के मुलांनी तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता आणि 57 टक्के मुलांनी अभ्यासासाठी. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी आपली प्रोफाइल खासगी कशी करायची, हे जेमतेम 55 टक्के मुलांना ठाऊक होतं. रील बघता येणं आणि सातबारा उतरवून घेता येणं, यांत बरंच अंतर आहे. म्हणून या पुस्तकाचा पहिला भाग शिकवणाऱ्याने स्वतः शिकण्याचा आहे. मुलींबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी 36 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी 27 टक्क्यांकडे. आणि बायकांपर्यंत पोचायचं तर मुलींवाचून पर्याय नाही. सुनेला दुपारी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून शिकवायला मुलगीच जाऊ शकते. घरच्यांनी तिच्या हाती फोन विश्वासाने द्यावा.

आता शिकवण्याच्या रीतीबद्दल. या पुस्तकाचा सगळा भार एका नियमावर आहे: फोन शिकणाऱ्याच्याच हातात राहील. मुलांचं सगळं चुकतं ते इथेच. आजी चाचपडते, तिचं बोट जास्त वेळ दाबलं जातं, भलतंच काही उघडतं, आणि नातू म्हणतो, ‘दे हिकडं, मी करून देतो.’ दहा सेकंदांत काम होतं. आजी खूश होते, नातूही. आणि आजी काल होती तिथेच राहते. तालमीत वस्ताद डाव दाखवतो, चुकला की परत दाखवतो; पण हौद्यात उतरून पठ्ठ्याची कुस्ती स्वतः खेळत नाही. शिकवताना हात पाठीमागे बांधून बसायची सवय करा. बोटाने दाखवायचं, तोंडाने सांगायचं, दाबायचं त्यांनीच.

दुसरी गोष्ट, माणसाला जे येतं तिथून सुरुवात करायची. गावातली बाई निरक्षर म्हणून नोंदलेली असते, पण सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालून ती पावती घेते. त्या पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम असते. म्हशीच्या दुधाला फॅट 6 च्या खाली आली, एसएनएफ 9 च्या खाली गेली की दर उतरतो, हे ती आकड्यांवरून ओळखते. दशांशचिन्ह तिला कुणी शाळेत शिकवलेलं नाही. तिला पहिल्या दिवशी ईमेल शिकवू नका. दहा दिवसांच्या पावत्या तिच्यासमोर मांडा, त्यांची बेरीज करा आणि बँकेचा मेसेज उघडायला लावा. जमा रकमेचा आकडा तिला तिच्याच बोटाने शोधू द्या. कपात झाली असेल तर ती कसली, हे ती पुढच्या वेळी डेअरीत स्वतः विचारेल. लिहिता येत नसेल तर बोलून टाइप करायचं मराठीत सहज जमतं. माइकचं चिन्ह दाखवलं की पुष्कळांची भीती तिथेच मोडते. अक्षरं मोठी करून द्या. महत्त्वाचे नंबर जाड पेनाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट सावधपणाची. मोठ्या माणसांना फोनची जी भीती वाटते ती खोटी नाही. लोकांची आयुष्यभराची पुंजी फोनवरच्या फसवणुकीत गेली आहे. म्हणून काही वाक्यं पाठ करून घ्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. व्हिडिओ कॉलवरून अटक, म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’, असा प्रकार कायद्यात नाही. फसवणूक झालीच तर क्षणाचा उशीर न करता 1930 या क्रमांकावर फोन करायचा. आणि फसलेल्या माणसाला कुणी रागवायचं नाही, कारण रागाच्या भीतीने लोक झालेलं लपवतात आणि पैसे परत मिळण्याची वेळ निघून जाते.

यात बातमी पारखणंही आलं. पावसाळ्यात कोल्हापूरचं सगळं लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडे असतं. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात लोकांनी घरं सोडली ती याच आकड्यांकडे बघत. पण त्याच दिवसांत जुने व्हिडिओ आणि खोट्या बातम्याही या फोनवरून त्या फोनवर फिरतात. जिल्हा प्रशासनाची माहिती कुठे बघायची, मेसेजवरची तारीख कशी तपासायची, हे प्रयाग चिखली-आंबेवाडीच्या किंवा शिरोळच्या नदीकाठच्या माणसाला शिकवणं म्हणजे त्याला संकटात हुशार ठेवणं आहे.

शिकवणाऱ्या मुलांसाठीही बंधनं आहेत आणि ती पाळावीच लागतील. कुणाचा पिन बघायचा नाही. तो टाकताना मान फिरवायची. कुणाचा पासवर्ड स्वतःच्या फोनमध्ये ठेवायचा नाही. पैसे घ्यायचे नाहीत. योजना मंजूर करून देतो, असं आश्वासन द्यायचं नाही. परक्या घरी एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं आणि घरी सांगून जायचं. आणि आठवड्याने परत जाऊन विचारायचं. ग्रामशिक्षण मोहिमेत जिथे अक्षरं पुसली गेली, तिथे हे परत जाणंच राहून गेलं होतं.

एक गोष्ट मुलांना नाही, मोठ्यांना सांगायची आहे. मुलं हे काम करतात म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. नेटवर्क नसलेल्या वाडीला टॉवर हवा, अंगठा न उमटणाऱ्या म्हाताऱ्याला रेशन मिळण्याची दुसरी सोय हवी, आणि ज्याला फोन शिकायचाच नाही त्याच्यासाठी कचेरीत कागदाची खिडकी उघडी राहायला हवी. फोन येत नाही म्हणून कुणाचा हक्क बुडत असेल, तर तो दोष त्या माणसाचा नाही. मुख्याध्यापकांनी या कामाला आठवड्यातला एक तास द्यावा, ग्रामपंचायतीने समाजमंदिराची किल्ली द्यावी, डेअरीने आणि विकास सोसायटीने बसायला सतरंजी द्यावी. याहून जास्त खर्च या कामाला लागत नाही.

मुलांनो, पुढची पानं तुमची आहेत. सगळी एकदम वाचू नका. पहिला धडा वाचा, आणि आपल्या ओळखीतलं असं एक माणूस ठरवा, ज्याला दर वेळी दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं. त्याच्याकडे या रविवारी जा. त्याला काय शिकायचं आहे ते आधी त्यालाच विचारा, आणि तेवढं एकच शिकवा. ते जमलं की पुढच्या माणसाकडे वळा. ज्याला आधी आलं त्याने दुसऱ्याला शिकवायचं, हे कोल्हापूरच्या मुलांचं कर्तव्य आहे, आणि ते तुम्ही चांगलं पार पाडाल, याची मला खात्री आहे.